हलक्या पोरींचा बोर्ड

सरावाच्या उडीत अपेक्षाची कंबर व्हॉल्टच्या टेबलाच्या कडेवर आपटली त्याचा आवाज हॉलभर ऐकू गेला, आणि तरीही गळ्यात शिट्टी अडकवून उभे असलेले यवतमाळचे कोच सुनील सर म्हणाले, "चला, नेक्स्ट."

तिची जिम्नॅस्टिक्सची कोच वर्षा राठोड धावत गेली. पोरगी मॅटवर एका कुशीवर पडली होती, ओठ घट्ट मिटून. रडत नव्हती. तेरा वर्षांची पोर, समोर खुर्चीवर आई बसलेली, तरीही नाही. तिनं कमरेच्या हाडावर हात ठेवून हलकेच दाबून पाहिलं.

"दुखते?"

"नाई."

"खोटं नको बोलू."

"थोडंसं." अपेक्षा उठून बसली. "मॅडम, बोर्ड मले उडवतच नाई. दगडावर पाय मारल्यावानी होते. गुडघ्यापर्यंत झिणझिण्या येतात."

वर्षानं बोर्डाकडे पाहिलं. काळा, नवा, कडक. बोर्ड म्हणजे तसं पाहिलं तर साधी वस्तू. खाली एक सपाट फळी, वर एक वाकवलेली फळी, आणि दोघींच्या मध्ये स्प्रिंगा. धावत यायचं, दोन्ही पायांचे पंजे वरच्या फळीवर एकदम हाणायचे, फळी दबली पाहिजे आणि दबून तिनं तुम्हाला वर फेकलं पाहिजे. म्हणजे टेबलावर हात टेकेपर्यंत पाय डोक्याच्या वर गेलेले असतात. पण फळी दबण्यासाठी अंगात वजन लागतं. हा बोर्ड उंच्यापुऱ्या, मांड्या भरलेल्या पोरांसाठी होता. त्यात स्प्रिंगा जास्त. अपेक्षाचं वजन म्हणाल तर सोयाबीनच्या अर्ध्या कट्ट्याएवढं, जेमतेम तीस किलो. तिच्या पायाखाली तो बोर्ड हूं की चूं करत नव्हता. तिनं दिलेला सगळा धक्का तिच्याच नडग्यांत परत येत होता, आणि ती टेबलावर पोचायची तेव्हा कंबर अजून खालीच असायची.

पांढरकवड्याच्या त्यांच्या हॉलमध्ये एक जुनाट बोर्ड होता, वापरून वापरून मऊ झालेला. त्यावर ही पोर पाखरासारखी उडायची. तो सोबत आणता आला नसता, कारण स्पर्धेत बाहेरचं साहित्य चालत नाही. यजमान देतील त्यावरच उडायचं. यजमानांनी हलका आणि कडक असे दोन्ही बोर्ड ठेवायचे आणि खेळाडूनं आपल्याला हवा तो घ्यायचा, हा रिवाज होता. यवतमाळच्या या हॉलमध्ये आज एकच बोर्ड होता.

"सुनील सर," वर्षा म्हणाली, "हलका बोर्ड कुठे हाये?"

"हाच हाये, मॅडम."

"हा पोरायचा हाये. गेल्या साली दोन आणलते. दुसरा कुठे हाये?"

"दुरुस्तीले गेला असन." सुनील सरांनी दुसरीकडे पाहिलं. "सगळ्या पोरी याच्यावरच उडून राहिल्या ना. आमची प्रेरणा बी उडते. मग तुमच्या पोरीलेच काय झालं?"

वर्षाचे कान तापले. तिचा राग नेहमी कानांपासून सुरू व्हायचा. लहानपणी घाटंजीकडच्या बंजारा तांड्यावर तिची याडी, म्हणजे आई, मानीबाई म्हणायची की या छोरीचे कान लाल झाले की चुलीजवळची लाकडं लपवून ठेवा.

तो दुसरा बोर्ड कोणी विसरला असेल, ती विसरली नव्हती. जिल्हा संघटनेनं बोर्ड घ्यायचे ठरवले तेव्हा सचिव बबनराव तिलाच सोबत नागपूरला घेऊन गेले होते. दुकानदार म्हणाला, सगळे कडकच नेतात, जास्त टिकतो. बबनरावांनाही ते पटलं होतं. वर्षानं मग तिथेच अपेक्षाला बूट काढायला लावले, एकेका बोर्डावर उभं केलं, जागच्या जागी उड्या मारायला लावल्या. ती स्वतः खाली गुडघ्यांवर बसून फळी किती दबते ते डोळा लावून पाहत होती. चौथ्या बोर्डावर फळी बोटभर दबली आणि अपेक्षा हसली. "हा मले वर लोटते," ती म्हणाली होती. निळ्या काठाचा तोच बोर्ड वर्षानं घ्यायला लावला. एक कडक पोरांसाठी, एक हलका पोरींसाठी. तेव्हा बबनराव कौतुकानं म्हणाले होते, "राठोड मॅडमले समजते बाप्पा." ते मनानं वाईट माणूस नव्हते. तिला कोचचं काम त्यांनीच मिळवून दिलं होतं. पण त्यांना खेळापेक्षा कार्यक्रम जास्त आवडायचा, आणि वर्षानुवर्षं तसं चाललं की माणसाला दोन्हींतला फरक कळेनासा होतो.

ती बबनरावांकडे गेली तेव्हा ते हारांची परडी मोजून घेत होते.

"सर, पोरीले लागलं. मले हलका बोर्ड पाह्यजे."

"आत्ता पाहुणे येऊन राह्यले, मॅडम. मंग पाहू."

"मंग म्हणजे कधी? पाहुणे बोलून गेले का लगेच व्हॉल्ट हाये."

"अवं, थोडं जोरानं पळ म्हणा तिले. जोरानं पळलं का बोर्ड दबते."

"जोरानं पळलं का कंबर जोरानं आपटते, सर."

बबनरावांनी तिच्याकडे पाहिलं, आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ते हार घेऊन निघाले.

वर्षा परत येऊन अपेक्षाच्या आईजवळ बसली. कोकिळाबाई मुकुटबनहून आल्या होत्या. कापसाची वेचणी ऐन भरात असताना शेत सासऱ्यावर सोडून त्या पोरीसाठी पहाटेच्या गाडीनं निघाल्या होत्या. त्यांना व्हॉल्टमधलं काही कळत नव्हतं, पण आपटल्याचा आवाज कळला होता.

"मॅडम, तिले नका उडवू आज," त्या म्हणाल्या.

"मी उडतो," अपेक्षा म्हणाली. "सालभर कायच्यासाठी केलं मग?"

दोघींचंही खरं होतं. 

पाहुणे आले. कोणी माजी सभापती होते, अंगानं भरलेले, पांढराशुभ्र सदरा. मागे पाचसात माणसं. हॉलच्या एका टोकाला लाकडी स्टेज उभारलं होतं, त्यावर सोफे, आणि स्टेजपुढे लाल गालिचानं झाकलेली एक पायरी. पोरींना रांगेत उभं करून टाळ्या वाजवायला लावलं होतं. मघापासून वॉर्मअप करून घामेजलेल्या त्या पोरी आता थंडगार फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. अंग निवून चाललं होतं. वर्षा रांगेमागे उभी राहून दात आवळत होती.

पाहुण्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि पायरी दबली.

नुसती दबली नाही, तर दबून परत वर आली. पाहुण्यांचा तोल गेला, ते बबनरावांच्या खांद्यावर रेलले, दुसरा पाय टाकला तर पायरीनं त्यांना अलगद वर ढकललं आणि ते जवळजवळ उडीच मारून स्टेजवर पोचले. मागची पोरं फिस्सकन हसली. पाहुणेही हसले. "काय बबनराव, लिफ्ट लावली का?"

वर्षा हसली नाही. तिनं गालिचाची कड पाहिली. खालून निळी पट्टी डोकावत होती.

पुढच्या क्षणी ती रांग ओलांडून चालत निघाली होती. एक माणूस अजून पायरीवर होता, त्याला ती म्हणाली, "भाऊ, वर तरी जा नाही तर खाली तरी उतरा." तो घाबरून वर गेला. तिनं गालिचा दोन्ही हातांनी धरून ओढला. तो निघेना. ती खाली बसली, बोटं घालून पाहिलं, आणि मग तिला दिसलं. गालिचा घसरू नये म्हणून त्याला खिळे ठोकले होते. बोर्डाच्या वरच्या फळीत. जिथे पोरींचे पंजे पडतात तिथे.

"राठोड मॅडम!" बबनराव स्टेजवरून वाकून दबक्या आवाजात म्हणाले. "काय लावलं हे? प्रोग्राम सुरू हाये!"

"हा बोर्ड हाये, सर."

"मले माहीत हाये बोर्ड हाये. पायरी तुटली होती ऐन वेळेवर. एक घंटा थांबा, मंग घेऊन जा."

"तुमाले माहीत होतं?" वर्षाचा आवाज चढला. "मघाशी मी मागत होती तेव्हा माहीत होतं तुमाले?"

 बबनराव सुनील सरांकडे वळले आणि पुटपुटले. माईक त्यांच्या हातातच होता आणि तो चालू होता, याचं त्यांना भान नव्हतं. त्यामुळे ते पुटपुटणं भिंतींवरच्या दोन्ही कर्ण्यांतून सगळ्या हॉलला ऐकू आलं.

"तांड्यावरून उचलून आणलं तरी अक्कल तांड्यावरचीच राह्यते."

  पाहुण्यांनी नजर आपल्या चपलांकडे वळवली. बबनरावांनी माईककडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण शब्द गेला तो गेला.

वर्षा उभी राहिली. तिला वाटलं होतं आपण ओरडू. आवाज आला तो सरळ, थंड आणि स्टेजच्या शेवटच्या सोफ्यापर्यंत पोचणारा.

"हो, तांड्यावरचीच अक्कल हाये. आमचे आजेपणजे बैलावर मीठ लादून मुलूखभर हिंडले. कोणत्या जनावराच्या पाठीवर किती ओझं टाकायचं, हे आमच्यात लेकराले बी समजते. जास्त टाकलं तर बैल बसते. तुमी तेरा वर्षाच्या पोरीले सांडाचा बोर्ड देता, अन् पोरीच्या बोर्डावर हे सांड चढवता. अन् अक्कल माझी काढता?"

"मॅडम, जरा सांभाळून—" सुनील सर पुढे आले.

"तुमी तर बोलूच नका, सर. दुरुस्तीले गेला म्हणे! दहा पावलांवर होता बोर्ड. पोरगी आपटली तेव्हा तुमी 'नेक्स्ट' म्हणलं."

ती पुन्हा खाली बसली आणि गालिचा ओढू लागली. कोणी पुढे आलं नाही. तेवढ्यात मागून कोकिळाबाई आल्या. पदर खोचून त्यांनी गालिचाची दुसरी कड धरली.

"ओढा मॅडम. मी धरतो इकडून."

टर्र करून गालिचा फाटला. दोघींनी बोर्ड उचलला आणि सगळ्या हॉलमधून चालत धावायच्या पट्टीपर्यंत, रनवेपर्यंत, नेला. स्टेज चांगलं गुडघ्याच्या वर होतं. भाषण झाल्यावर पाहुण्यांना उतरवायला शेवटी चार माणसांना खुर्ची धरावी लागली. पण ते वर्षानं पाहिलं नाही. ती बोर्ड उलटा करून बसली होती.

पिकअपवाले उत्तमसिंग, ज्यांच्या गाडीतून ती पोरींना घेऊन आली होती, त्यांच्याकडून तिनं पक्कड मागवली आणि एकेक खिळा उपटला. पाच खिळे होते. प्रत्येक खिळ्यासोबत फळीचा एक टवका निघत होता आणि प्रत्येक टवक्यासोबत तिच्या तोंडून तांड्यावरच्या गोर बोलीत काहीतरी निघत होतं, जे कोकिळाबाईंना कळत नसलं तरी पटत होतं. मग तिनं वरच्या फळीवरून तळवा फिरवला. कुठे कुसळ टोचत नाही ना, ते पाहिलं. भोकांवर चिकटपट्टी लावली. शेवटी स्प्रिंगा तपासल्या. बोटानं एकेक दाबत गेली आणि मधल्या स्प्रिंगेवर थांबली. स्प्रिंगेला चीर गेली होती.

वर्षा तशीच बसून राहिली. सकाळपासूनचा सगळा राग तिच्या हातापायांत भरला होता आणि आता त्याचा उपयोग नव्हता. एवढं भांडून, एवढं ऐकून, जो बोर्ड मिळवला तो मोडका होता. चीर गेलेली स्प्रिंग ऐन धक्क्याला तुटली तर फळी एका बाजूला कलते, पाऊल मुरगळते, पोर डोक्यावरही पडू शकते. यावर ती कोणाला उडवणार नव्हती, आणि त्या काळ्या दगडावर तर नाहीच नाही.

"दोन्ही बोर्ड एकाच कंपनीचे हायेत, स्प्रिंगा सारख्याच," ती उठून सुनील सरांना म्हणाली. "कडक बोर्डातली एक स्प्रिंग मले द्या. एक काढली तरी पोरायले फरक पडत नाई."

"त्याले हात लावायचा नाई. आमची पोरं सालभर त्याच्यावर सेट हायेत."

"पोरायची स्पर्धा उद्या हाये. उद्या परत लावा."

"नाई म्हणलं ना!"

तेव्हा रांगेतून एक पोरगी पुढे आली. प्रेरणा. सुनील सरांची, गेल्या वर्षीची विजेती. वेणीला चापून पिना लावलेल्या, दोन्ही नडग्यांवर पट्ट्या. वर्षानं सकाळी त्या पट्ट्या पाहिल्या होत्या आणि त्यांचा अर्थ ओळखला होता, पण दुसऱ्याच्या पोरीबद्दल बोलायचं नसतं म्हणून गप्प राहिली होती.

"सर," प्रेरणा म्हणाली, "मले बी हलकाच पाह्यजे."

"तू तर उडते ना त्याच्यावर?"

"उडतो सर. पण राती पाय ठणकतात. आई तेल लावून देते तेव्हा झोप लागते." तिनं वाकून नडगीवरची पट्टी चाचपली. "मी सांगतलं होतं तुमाले. तुमी म्हणलं, सवय होईन."

मग आणखी एक पोरगी म्हणाली, "मले बी." मग तिच्यामागची. कोणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. पोरी एकेक करून येऊन उलट्या पडलेल्या बोर्डाभोवती उभ्या राहिल्या. सुनील सर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच पाना घेतला आणि काळ्या बोर्डाशी खाली बसले.  स्प्रिंग काढून वर्षाच्या हातात देताना त्यांनी नजर वर केली नाही.

वर्षानं ती बसवली आणि बोर्ड सुलटा केला. आधी स्वतः त्यावर उभी राहून डोलली, मग प्रत्येक पोरीला दोन-दोनदा चाचणीची उडी घ्यायला लावली. अपेक्षासाठी तिनं बोर्ड टेबलापासून वीतभर मागे घेतला, कारण चांगल्या बोर्डावर ही पोर लांब झेपायची आणि जवळ ठेवला तर टेबलावरून पुढे जायची. "पंज्यावर," ती तिच्या कानाशी म्हणाली. "टाच लागू द्यायची नाई. अन् कंबर आठवू नको."

स्पर्धा झाली. प्रेरणा उडाली तेव्हा हॉल बघत राहिला. तिच्यात इतकी उडी आहे हे तिच्या सरांनाही माहीत नसावं. ती पहिली आली, बऱ्याच फरकानं. अपेक्षाची पहिली उडी छान गेली, दुसरीत ती बोर्डाच्या जरा अलीकडेच कचरली. सकाळचा मार अंगानं लक्षात ठेवला होता. ती तिसरी आली. पुढे विभागीय स्पर्धेला पहिल्या दोघीच जाणार होत्या.

सगळ्या पिकअपनं परत निघाल्या. मोहद्याच्या पुढे ट्रकांची रांग लागली होती, गाडी थांबली, तेव्हा अपेक्षा एकदम म्हणाली, "तुमी भांडल्या अन् ती जिंकली."

"अपेक्षा!" आई म्हणाली.

"खरं तेच बोलून राह्यली. तुमी बोर्ड काढला नसता तर ती बी आपटली असती. मंग सारख्याच राह्यलो असतो."

वर्षाला ते थप्पड बसल्यासारखं लागलं. "सगळ्या आपटल्या असत्या तर बरं झालं असतं काय वं?"

"मले नाई माहीत!" आणि आता ती रडली, सकाळपासूनचं सगळं एकदम. वर्षानं तिला जवळ घेतलं नाही, कारण पोर रागावली होती आणि रागावलेल्या माणसाला जवळ घेतलेलं आवडत नाही, हे तिला स्वतःवरून माहीत होतं. तिनं फक्त आपली पाण्याची बाटली तिच्या मांडीवर ठेवली.

त्याच आठवड्यात बबनरावांचा फोन आला. आवाज नरम होता. पाहुणे नाराज आहेत, समितीची बैठक झाली, मॅडमनी चार लोकांसमोर माफी मागावी, नाहीतर संघटनेचं काम थांबवावं लागेल.

"अन् तुमी माईकवर जे बोलले, त्याची माफी कोण मागन?"

"ते तोंडातून निघून गेलं वं, वर्षा. तू तर पोरीसारखी हायेस मले."

"म्हणून तर म्हणते, सर. पोरीले असं बोलत नाई कोणी."

पलीकडून फोन बंद झाला.  संघटनेच्या यादीतून तिचं नाव गेलं. पांढरकवड्याच्या हॉलमध्ये शिकवायला मनाई नव्हती, पण यापुढे जिल्ह्याच्या स्पर्धेत ती पोरींसोबत रनवेपर्यंत जाऊ शकणार नव्हती, प्रेक्षकांत बसावं लागणार होतं. हे ऐकलं त्या दिवशी तिनं हॉलमधल्या सगळ्या मॅट बाहेर उन्हात काढून काठीनं झोडल्या. धूळ उडून आभाळ दिसेनासं झालं, तरी राग कमी झाला नाही.

रविवारी सकाळी हॉलच्या दारात एक मोटरसायकल थांबली. प्रेरणा उतरली, मागे तिचे वडील. सुनील सरांना सांगून आलोय, ते म्हणाले. त्यांनी जा म्हटलं, नाही म्हटलं नाही. विभागीय स्पर्धेपर्यंत दर रविवारी आणलं तर मॅडम शिकवतील का?

वर्षानं काही म्हणायच्या आत तिची नजर अपेक्षाकडे गेली. अपेक्षा टेबलापाशी उभी होती, हाताला खडू लावत. तिचा चेहरा कडू झाला होता. ती काही म्हणाली असती तर वर्षानं ऐकलं असतं. पोरीचा तेवढा हक्क होता.

अपेक्षानं हात झटकले, खडूची पूड उडाली. तिनं प्रेरणाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्या नडग्यांवरच्या पट्ट्यांवर तिची नजर जरा थांबली. मग तिनं वाकून त्या जुनाट बोर्डाची कड धरली आणि चिडक्या आवाजात म्हणाली, "उभी काहून हायेस? बोल ना, कुठे ठेवू तुझ्यासाठी? पुढे का मागे?"